मास्तरांची शिट्टी

"फ्राउ डॉक्टर, खिंडीवरून तुम्हाला एकटीला खाली येता येईल का?"

मास्तरांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. मी म्हटलं, "येईल की. धडपडत येईन, पण येईन."

"धडपडलात तरी चालेल. पण येताना रेझी बरोबर नसेल."

मी सुरी खाली ठेवली. रेझी म्हणजे त्यांची मुलगी. माझ्याच वयाची, आणि त्या परक्या मुलखात माझी एकुलती एक मैत्रीण. आठवडाभर त्या घरात कुणी धड जेवत नव्हतं ते तिच्याच काळजीने.

"कधी?" मी विचारलं.

"उद्या सकाळी. सोमवारी तिला जिल्ह्याच्या गावी हजर व्हायचा हुकूम आलाय. शेजारचे डॉक्टर असेच हजर झाले. अजून परत आलेले नाहीत."

तेव्हा १९३८ चा मार्च चालू होता. आम्ही ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला एका खेड्यात मास्तरांच्या घरी भाड्याने राहत होतो. आमचे हे व्हिएन्नाला डॉक्टरकीचं पुढचं शिकायला गेले आणि स्वतःच छाती धरून बसले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, डोंगरावरची हवा खा. म्हणून आम्ही डोंगरात. नवऱ्याने शिकायचं आणि पदवी बायकोलाही लागायची, असा त्या देशाचा रिवाज. त्यामुळे कोल्हापुरातून मराठी सातवी झालेली मी तिथे 'फ्राउ डॉक्टर', म्हणजे डॉक्टरीणबाई, होते. आमचं सगळं बोलणं माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमधून चाले, ते मी इथे सरळ मराठीत सांगते आहे.

दोनच आठवड्यांपूर्वी जर्मनांनी ऑस्ट्रिया गिळला होता. गिळला तरी कसा म्हणायचा, ताटात वाढूनच दिला होता. गावातल्या प्रत्येक खिडकीवर तो स्वस्तिकाचा लाल झेंडा लागला. आमच्या खिडकीवर तेवढं माझं लुगडं वाळत असे. पहिल्याच आठवड्यात व्हिएन्नाचं एक ज्यू नवरा-बायकोचं जोडपं पळत पळत या गावात आलं, आणि रेझीने त्यांना डोंगरावरच्या खिंडीतून पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये पोचवलं. कुणीतरी चुगली केली. रेझीचा पासपोर्ट गेला. त्यात तिची वारलेली आई जन्माने ज्यू, हेही आता सगळ्यांना एकदम आठवलं होतं.

"खिंडीखाली चौकी आहे," मी म्हटलं. "तिथे तीन जण बसलेत बंदुका घेऊन. ते मला सोडतील, माझ्याकडे ब्रिटिशांचा पासपोर्ट आहे. रेझीला कसे सोडतील?"

"म्हणूनच तुम्ही हव्यात. पाहुणीला डोंगर दाखवायला नेतेय म्हटलं की चौकीच्या जवळपासपर्यंत कुणी अडवणार नाही. पुढे चौकी रिकामी असेल."

"रिकामी कशी असेल?"

मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले, "मी त्यांना बोलावेन."

"आणि तुम्ही बोलावलंत की ते येतील?"

"त्यांना यावंच लागेल."

मग मला उमगलं. त्या डोंगरातला एक कायदा होता. पायांना लांब लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं, त्याला ते स्की म्हणत. रेझीने मला ते शिकवलं, पण पहिल्या दिवशी उभं राहायला शिकवण्याआधी शिट्टी शिकवली. डोंगरात माणूस अडकला, पडला, मोडला की त्याने मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची. मग मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा सहा. ज्याच्या कानावर ती पडेल त्याने हातातलं काम टाकून निघायचं. ताटावरून उठायचं, भांडण अर्धं सोडायचं. शिट्टी वैऱ्याची असली तरी जायचं. आणि खोटी शिट्टी वाजवणाऱ्याला त्या खोऱ्यात पुढे कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. हा कायदा तिथल्या तीन पिढ्यांना पाजला कुणी, तर मास्तरांनी. गावातलं स्कीचं मंडळ त्यांनीच काढलेलं, म्हणून तर सगळे त्यांना मास्तर म्हणत. चौकीवरची तिन्ही पोरं त्यांच्याच हाताखाली घसरायला शिकलेली.

"रेझीला हे माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतंय, चौकीवरचे जेवायला आत गेले की निसटायचं. तिला सांगू नका. सांगितलं तर ती जाणार नाही." मास्तरांचा चेहरा लाल झाला. साठीच्या घरातला ताठ माणूस, त्याला माझ्या नजरेला नजर देववेना. "माझी लाज वाटेल तिला. सीमेच्या दगडापलीकडे गेली की मग सांगा. खाली माझी चुलत बहीण वाट बघत असेल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वरच्या खोलीत यांना सांगितलं तर हे उठूनच बसले. "गोदू, शहाणी आहेस का? परका मुलूख, परक्यांची भानगड. धरलं तर?"

"धरलं तर सोडवा. इतके शिकलात ते कशासाठी?"

"मास्तरांनी तरी तुला कसं विचारलं?"

"तुम्ही खोकता म्हणून मला विचारलं."

हे पुन्हा आडवे झाले. खरं तर यांचा मास्तरांवर फार जीव. सबंध हिवाळा दोघे चुलीपाशी बसून एकच विषय चघळत. मास्तर एकच लांब काठी घेऊन घसरत. नॉर्वेवाले दोन काठ्या घेतात, आणि आपली ऑस्ट्रियन पोरंही आता दोन काठ्या घ्यायला लागली, हे त्यांचं आयुष्याचं दुःख होतं. "डॉक्टर, नॉर्वेवाल्यांनी या फळ्यांवर देश उभा केला," ते म्हणत. "स्वीडनपासून सुटायच्या आधीच त्यांच्या पोरांना वाटायला लागलं होतं की बर्फ आपला आहे. मग आम्ही आमच्या आल्प्समध्ये त्यांची नक्कल का करायची? आमचा डोंगर उभा, आमची काठी एक." तरुणपणी या एका काठीपायी त्यांनी वर्तमानपत्रांतून भांडणं केली, शर्यती लावल्या, नॉर्वेच्या एका पाहुण्याला भर सभेत उंदीर म्हटलं. आमचे हे भारावून ऐकत. रात्री मला म्हणत, "हे आपल्याकडे हवं बघ. हिमालय उशाला असून आपण करतो काय, तर त्याला नमस्कार."

मी म्हणे, "तुम्हाला इथला जिना चढवत नाही, आणि निघालेत हिमालय घसरायला."

त्या दिवशी मात्र यांनी हिमालयाचं नाव काढलं नाही. माझे बूट पुसून दारात ठेवले आणि म्हणाले, "सांभाळून ये."

सकाळी ऊन लख्ख होतं. मी यांचा पायजमा, त्यावर दोन लोकरी मोजे आणि मास्तरांच्या बायकोचा जुना कोट अशा अवतारात निघाले. फळ्यांखाली सीलच्या कातड्याच्या पट्ट्या बांधल्या की चढावर त्या मागे घसरत नाहीत. तशा बांधून आम्ही चढायला लागलो. मास्तर आमच्याआधीच घरातून निघून गेले होते. रेझीला वाटलं, निरोप घेणं त्यांना झेपलं नाही. तिच्या पाठीवर फक्त एक लहान पिशवी होती. घर सोडून निघालेल्या बाईचं सामान एवढंच असू शकतं हे मला बघवत नव्हतं.

वाटेत तीच बोलायला लागली. "फ्राउ डॉक्टर, मी लहान असताना आमच्याच घरात मंडळाची बैठक झाली होती. ज्यू लोकांना मंडळात घ्यायचं नाही असा ठराव होता. तेव्हा देशभर सगळ्याच मंडळांत ते वारं होतं. बर्फ आमचा, डोंगर आमचा, तुम्ही नको. बाबांनी हात वर केला."

"आणि तुझी आई?"

"आई आत सूप करत होती. सगळ्यांना वाढलंही तिनेच."

मी थांबले. मला राग आवरेना. आमच्याकडे पाणवठ्यावरून माणसं हाकलत, हे बर्फावरून हाकलत होते. माझ्या माहेरच्या आडावरही कोण चालतं नि कोण नाही हे ठरलेलं होतं, आणि आमच्या घरातल्या कुणी त्यावर तोंड उघडलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "आणि तू अशा बापाचे पाय धरतेस?"

"त्यांना वाटलं, आईने बाप्तिस्मा घेतलाय, ती त्यात धरली जाणार नाही. ती कधी काही बोलली नाही, म्हणून त्यांना वाटलं तिला चालतं." रेझी पुन्हा चालायला लागली. "त्याच ठरावाखाली मागच्या आठवड्यात मला मंडळातून काढलं. वाचून दाखवायला आलोइस आला होता, चौकीवर असतो तो. बाबांनी उभं राहून ऐकलं. रात्री मला म्हणाले, रेझी, मी मूर्ख होतो. बाबा फार चुकले, फ्राउ डॉक्टर. पण खोटं ते जन्मात बोललेले नाहीत. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही."

मी मान खाली घालून फळ्या ओढत राहिले.

चौकी दिसायला लागली तशा आम्ही एका मोठ्या खडकाच्या आडोशाला बसलो. चौकी म्हणजे लाकडी खोपटं, त्याच्या धुराड्यातून धूर येत होता. तिघे बाहेर उन्हात बाकावर बसलेले. आलोइस त्यांतला थोराड, गावच्या बेकरीवाल्याचा मुलगा. त्यांच्या डोक्यावर खिंड, आणि खिंडीत सीमेचा दगड. दगड इतका स्पष्ट दिसत होता की मला वाटलं हात लांब केला तर लागेल. मी डबा उघडला, आम्ही खायचं सोंग केलं.

मग शिट्टी आली. डावीकडच्या डोंगराच्या सोंडेपलीकडे एक घळ होती, तिथून. दबका, घोगरा आवाज. सहा वेळा वाजली आणि थांबली.

तिघे बाकावरून उठले. एकाने हात वर करून बाकीच्यांना गप्प केलं. पुन्हा सहा वाजल्या. आलोइसने हातातला पाव बर्फात टाकून दिला, आणि बघता बघता तिघांच्या पायांत फळ्या आल्या. एकाने खोपटातून दोर आणला, एकाने घोंगडी. बंदुका बाकाला टेकून तशाच राहिल्या. दंडावर त्याच झेंड्याचा पट्टा बांधलेली ती माणसं, पण शिट्टीला कशी धावली. मास्तरांची शिकवण एवढी पक्की होती.

"कुणीतरी पडलंय," रेझी म्हणाली. ती उभी राहिली होती.

"ते गेलेत ना तिघे. तू चल."

"पण नियम आहे, ज्याने ऐकलं त्याने..."

"तीन धडधाकट गडी गेलेत, दोर घेऊन गेलेत. तू जाऊन काय करणार आहेस? चल म्हणते ना."

ती मागे बघत बघत चढायला लागली. मी तिच्या पाठोपाठ, जवळजवळ ढकलतच. मी मनात शिट्ट्या मोजत होते आणि आकडे चुकत होते. चौकी मागे पडली. बाकावर अजून त्यांचे कप वाफाळत होते. शेवटचा चढ आम्ही काठ्या रोवत, धापा टाकत पार केला आणि दगडापाशी पोचलो. पलीकडचा उतार मऊ, पांढरा, मोकळा. खाली दूरवर एक घर आणि घरापाशी काळा ठिपका. ती मास्तरांची बहीण असणार. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "रेझी, जा बाई. सुखाने जा."

रेझी दगडाला हात लावून उभी होती. खाली आडोशाला सोंडेमुळे आवाज दबका येत होता. खिंडीत मधे काही नव्हतं. शिट्टी अगदी स्वच्छ ऐकू आली.

"ही बाबांची शिट्टी आहे," ती म्हणाली.

मास्तरांची शिट्टी शिंगाची होती, रानबकऱ्याच्या शिंगाची, स्वतः कोरलेली. सगळ्या खोऱ्यात पितळी शिट्ट्या वाजत, अशी घोगरी एकच. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला. दुकानात पितळी शिट्टी मिळत नव्हती? ही लबाडी करायला निघाला तो स्वतःचीच शिट्टी गळ्यात घालून. रोजच्या सवयीने घातली असणार, दुसरं काही त्याच्या मनातही आलं नसणार. आणि आपण तीन पिढ्यांना जे पाजलं ते आपल्या मुलीलाही पाजलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रेझी फळ्यांखालच्या कातडी पट्ट्या सोडायला लागली. उताराला त्या नको असतात. तिचं तोंड खालच्या बाजूला होतं, घळीकडे.

मी तिचा दंड धरला. "ऐक. त्यांना काही झालेलं नाही. ते खोटी वाजवताहेत. पहाऱ्यावरची माणसं हलावीत म्हणून. मला त्यांनी काल सांगितलं."

तिने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. तिला राग आला नव्हता, तिला माझी कीव आली होती. "फ्राउ डॉक्टर, तुम्ही माझ्यासाठी म्हणताय. पण बाबा असं करणार नाहीत."

"त्यांनीच सांगितलं. तुला लाज वाटेल म्हणाले, म्हणून तुला नाही सांगितलं."

"ते घळीत पडलेत. सकाळी निरोप न घेता निघाले, रडत असतील, नीट बघितलं नसेल. त्या घळीत वरून बर्फ येतो."

"माझ्या कुंकवाची शपथ, रेझी."

तिला कुंकवाची शपथ काय कळणार? मी खाली बसले आणि तिच्या फळ्यांवर आडवी पडले. तिच्या पायांना मिठी मारली. "हा दगड बघ. एक पाऊल टाक. एकच टाक, मग काय तो विचार कर." मी मराठीत बोलत होते हे मला नंतर कळलं. तिने माझे हात सोडवले. दांडगी होती, मला बाजूला करणं तिला जड नव्हतं. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, मला गार लागेल म्हणून, आणि म्हणाली, "तुम्ही डोंगरात वाढला नाहीत. तुम्हाला नाही कळायचं."

आणि ती गेली. ती एकच लांब काठी एका कुशीला घेऊन उतारावरून इतकी सुरेख गेली की मी जागच्या जागी हंबरडा फोडला.

मी तिच्या मागून कशी उतरले ते विचारू नका. पडले, उठले, एक फळी निसटली ती धरून आणली, पुन्हा पडले. सोंडेच्या वळणावर आले तेव्हा खाली घळ दिसली. मास्तर बर्फात पडलेले. आलोइस गुडघ्यावर बसून त्यांच्या पायावरून हात फिरवत होता. त्याने स्वतःचा कोट काढून त्यांच्या पाठीखाली घातला होता. दुसरा बाटलीतून काही पाजत होता. मास्तर कण्हत होते. जितका वेळ काढता येईल तितका काढत होते, बिचारे. चांगलं वठवत होते.

रेझी त्यांच्यापाशी पोचली आणि गुडघ्यांवर पडली. "बाबा, कुठे लागलं?"

मास्तरांनी डोळे उघडले. कण्हणं थांबलं. मी अजून वर होते, पण त्यांचा चेहरा मला दिसला. जिवंतपणी माणसाचा चेहरा तसा होऊ नये. आणि मग ते उठले. आधाराशिवाय, दोन पायांवर, सरळ उभे राहिले. तिला दोन्ही हातांनी वरच्या बाजूला ढकलायला लागले. "जा. जा वर. जा."

वर जायला आता कोण देतंय?

आलोइस सावकाश उभा राहिला. त्याला आधी रेझी दिसलीच नसावी. तो मास्तरांच्या पायांकडे बघत होता. "मास्तर, तुम्हाला काही झालेलं नाही?"

मास्तर रेझीला ढकलतच होते.

"खोटी वाजवलीत?" त्याचा आवाज पोरासारखा झाला. "तुम्ही?"

रेझी अजून बर्फात गुडघ्यांवरच होती. ती म्हणाली, "उठलात कशाला, बाबा? पडून राहायचं होतंत." एवढंच. पुढे ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. आलोइसने कोट उचलून झटकला, अंगात घातला आणि तिच्या दंडाला धरलं. तिने सोडवून घेतलं नाही.

खाली निघालो तर वाटेत गाव वर येताना भेटलं. शिट्टी तिथवर गेली होती. बेकरीवाला होता, पाद्री होता, दोन म्हातारे शेतकरी, शाळेतला शिक्षक. जखमीला न्यायची घसरगाडी, दोर, घोंगड्या, ब्रँडी, सगळं घेऊन घामाघूम होऊन निघाले होते. मास्तरांची शिट्टी ओळखून आले होते. आदल्या आठवड्यात ज्यांनी रेझीला पाहून रस्ता बदलला होता तेही त्यांत होते.

"कुठे आहेत?" बेकरीवाल्याने मुलाला विचारलं. "जिवंत आहेत ना?"

"मागून येताहेत," आलोइस म्हणाला. "चालत येताहेत. खोटी होती."

 रेझीला धरून नेतायत याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बेकरीवाल्याने घसरगाडी वळवली, आणि एकेक करून सगळे खाली उतरायला लागले. मी त्यांच्या अंगावर ओरडले. म्हटलं, "तुमच्यातली पोरगी घेऊन चाललेत, मेल्यांनो, तिला सोडवा." जर्मन शब्द जेवढे येत होते तेवढे सगळे वापरले. पाद्र्याने टोपी काढून मला नमस्कार केला आणि निघून गेला.

चर्चपुढच्या चौकात लॉरी उभी होती. रेझीला मागे बसवलं. तिच्या पाठीवर ती पिशवी तशीच होती. मी पुढे गेले तर एकाने मला हाताने अडवलं, "मॅडम, तुम्ही परदेशी आहात." रेझीने मला मान हलवून नको म्हटलं. तिचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आम्हाला चार दिवसांत गाव सोडावं लागलं. युद्ध संपल्यावर यांनी कुठे कुठे लिहून चौकशी केली, माणसं भेटली त्यांना विचारलं. नाही लागला पत्ता.

लॉरी सुरू झाली तेव्हा मास्तर चौकात पोचले. फळ्या कुठे टाकल्या कोण जाणे, गुडघ्याएवढ्या बर्फातून पायी आले होते. ते लॉरीमागे धावले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. सहा वेळा. मग थांबले. पुन्हा सहा वेळा.

त्या चौकात चहूबाजूंनी घरं आहेत. एकूण एक घरात ती ऐकू गेली. पडदे हलले. बेकरीवाला अजून खांद्यावर दोर घेऊन आपल्या दारात उभा होता. तो थोडा वेळ उभा राहिला, मग आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. लॉरी हळूहळू वळणापर्यंत गेली. आलोइस मागच्या फळीला धरून उभा होता, त्याने मान वळवली नाही. मास्तर वाजवत राहिले.

आमच्या घराचं दार उघडलं आणि हे बाहेर आले. बूट न घालता, नुसत्या मोज्यांवर, एका हातात औषधांची पेटी. खोकत खोकत बर्फातून चौकापर्यंत आले. तोवर मीही मास्तरांपाशी जाऊन उभी राहिले होते.

मास्तरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. शिट्टी तोंडातून काढली. "तुम्ही कशाला आलात?" ते म्हणाले. "तुम्ही इथली माणसं नाहीत. तुम्हाला यावं लागत नाही."

यांना धाप लागली होती. हे म्हणाले, "शिट्टी ऐकू आली."

मास्तरांनी मान डोलावली. मिनिटभर थांबले, आणि पुन्हा वाजवू लागले.